नेव्हरदलेसची पट्टी

"बाई, सातारकरांनी माझं भाषण परत पाठवलं!"

फोनवर शिवांजलीचा आवाज कापत होता. उमाबाईंनी निरांजन देवापुढं ठेवलं. "का गं?"

"म्हणतात, वाक्यं एकमेकांशी भांडत्यात. आज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर परत बोल, न्हाईतर नाव काढतो."

साताऱ्याच्या त्या संस्थेत मुलींना लष्करात अधिकारी होण्यासाठी फुकट तयार करत. आष्ट्यातून तिथवर पोचलेली ही एकटीच पोर. उमाबाई तडक निघाल्या.

त्यांचा इंग्रजीचा वर्ग विठ्ठलमंदिरामागच्या खोलीत भरे. भिंतीवर भाषणाची वाक्यं मोठ्या अक्षरांत चिकटवलेली, आणि त्यांना जोडणाऱ्या रंगीत पट्ट्या. 'देअरफोर', म्हणजे म्हणून. 'नेव्हरदलेस', म्हणजे तरीही. कीर्तनात बुवा एका चरणावरून दुसऱ्यावर कसे अलगद उतरतात, सांधा म्हणून दिसत नाही, तसं बोला, असं सांगून सांगून बाईंचा घसा बसला होता. पोरं मात्र पट्टी दिसली की वाचून मोकळी.

शिवांजली दाराशीच वाट पाहत होती. आत भिंत पाहिली आणि बाईंचं डोकंच फिरलं.

'आमच्या बायका डोक्यावरून उसाच्या मोळ्या वाहतात.' नेव्हरदलेस, 'त्या दुबळ्या नाहीत.' आणि खाली, 'बाबा सीमेवरून परतले नाहीत.' देअरफोर, 'मला तोच गणवेश घालायचा आहे.'

"काल दुपारी मी नीट लावून गेले होते. नेमक्या या दोनच पट्ट्यांची अदलाबदल झालीय. आणि तू तशीच वाचलीस?"

"समोर होतं ते वाचलं, बाई."

"समोर होतं ते! कारण कुठलं, विरोध कुठला, काही कळतं का?"

चिडावं तरी किती? काल संध्याकाळी भाषणाचं रेकॉर्डिंग साताऱ्याला गेलं, ते न ऐकताच त्या स्वतः कीर्तनाला पुढं जाऊन बसल्या होत्या.

चित्रीकरण केलं होतं वर्गातल्याच रेश्मानं. शिवांजलीचं नाव निघालं तर पुढचं नाव तिचंच.

"पट्ट्या तू हलवल्यास?"

"आवं बाई, नेव्हरदलेस कुठं लावायचं हे मला कळत असतं, तर माझंच नाव पहिलं नसतं का लागलं?"

तिचे पेपर आठवून बाईंना ते पटलं.

खोलीला कुलूप होतं आणि किल्ली देवळातल्या खिळ्याला. देवळाचं सगळं पाहणारा नाथाजी पायरीवर पोटऱ्या चोळत बसला होता.

"नाथाजी, काल दुपारी किल्ली कोणी नेली?"

"मला काय दिसतंय? सप्ताह बसलाय. वीणा गळ्यात घालून देवाकडं तोंड करून हुबा हुतो."

"पायांना काय झालं?"

"भरून आल्यात. जरा जास्तच येळ हुबा ऱ्हायलो."

"का बरं?"

"जाऊ द्या की, बाई. देवाच्या दारात कुणाची चुगली नगं."

"अहो, त्या पोरीचं आयुष्य अडलंय इथं!"

नाथाजी पुन्हा पोटऱ्या चोळू लागला. उमाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

इतक्यात शिवांजलीचा चुलता आला, सुभेदार बाळासो. भाऊ गेल्यावर पुतणीला पोटच्या पोरीसारखं पाहणारा. उभी नोकरी सीमेवर काढून नुकताच गावी परतलेला.

"काल दुपारी तुम्ही कुठं होता, सुभेदार?"

"माझ्यावर संशय?" तो मिशीत हसला. "देवळात. नाथाजीनंतर माझा पहारा हुता. वीणा माझ्या गळ्यात."

"पण काका," शिवांजली म्हणाली, "आईनं तवा फोन केला, तर तुमी उचलला की."

"व्हय की. वीणा खांबाला टेकवली, भाईर येऊन बोललो, परत जाऊन हुबा ऱ्हायलो."

नाथाजीनं झटकन मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

उमाबाईंनी नाथाजीकडं पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "सुभेदार, पट्ट्या तुम्ही बदलल्या."

"कशावरनं?"

"सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. खांबालाही टेकवत नाहीत. दुसऱ्यानं पाया पडून गळ्यात घेतल्याशिवाय विणेकरी जागचा हलत नाही. ज्यानं एकदा तरी पहारा केलाय, त्याच्या तोंडून तुमचं वाक्य निघणार नाही. काल तुम्ही पहाऱ्याला आलाच नाहीत. म्हणून नाथाजींचे पाय भरले. ते देवाकडं तोंड करून उभे, तुम्ही मागनं किल्ली काढलीत. शिवाय सगळ्या पट्ट्या विस्कटल्या नाहीत, दोनच बदलल्या. हे इंग्रजी कळणाऱ्याचं काम. लष्करात तुम्ही रोज इंग्रजीत अहवाल लिहीत होता, आणि हे भाषण घरात रोज ऐकत होता."

बाळासो नाथाजीशेजारी पायरीवर बसला. "भावाला मीच खांद्यावरनं आणलाय, बाई. परत तसलं वझं उचलायची ताकद न्हाई माझ्यात."

शिवांजली संतापानं लाल झाली होती. ती मागच्या खोलीत शिरली, बाकीचे मागोमाग आले, आणि तिनं भिंतीवरची नेव्हरदलेसची पट्टी ओरबाडून काढली. मग खालची ओळ पुन्हा एकदा वाचली.

"काका, मोळ्यांचं वाक्य तुमी नासवलं. पण बाबांच्या वाक्यात 'देअरफोर'च ऱ्हाऊ दे. बाबा परत आलं न्हाईत, म्हणूनच मला जायचं हाय."

उमाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्यांदाच पोरीनं सांधा स्वतः जोडला होता. त्यांनी उरलेल्या सगळ्या पट्ट्या उतरवून टाकल्या.

संध्याकाळी कॉल लागायच्या वेळेला नाथाजीनं हाक दिली, "सुभेदार, पहारा!"

बाळासोनं वाकून त्याच्या पायांना हात लावला, नाथाजीनंही त्याला नमस्कार केला आणि वीणा बाळासोच्या गळ्यात आली. मागच्या खिडकीतून पुतणीचा आवाज येत होता, ठाम, कुठंही न अडखळता. मग शांतता. मग रेश्माची आरोळी, "घेतली! सातारकरांनी घेतली!"

बाळासोनं धावायला पाय उचलला. पण वीणा गळ्यात होती, आणि पुढचा पहारेकरी अजून यायचा होता. देवाकडं तोंड करून तो तसाच उभा राहिला.