आतील माणसे : एक

बीडच्या फळबाजारात मुबीनची आंबे पिकवायची खोली होती. जाड पत्र्याची, एकाच दाराची. तिचं मशीन यशोधराच्या कंपनीने बसवलं होतं. यशोधरा नेकनूरहून एसटीने पोचली, तेव्हा आत केशरचे क्रेट छताला टेकले होते आणि पिकवायचा गॅस काही सुटत नव्हता.

"तुमचं मशीन रुसलंय, शास्त्रज्ञ बाई," मुबीन म्हणाला. "आजून दोन दिस असंच ऱ्हायलं तर माल सुरकुतून जाईल. लोनचंबी न्हाई व्हायचं त्याचं."

दारापाशी आंबे निवडत बसलेल्या त्याच्या आई, आमिनाबी, पुटपुटल्या, "आदी आत जाऊन हाक द्यायची, कोन हाय का म्हनून. मंग भायेर येऊन दार लावायचं. तेच बरं व्हतं."

यशोधराने हसून लॅपटॉप उघडला. खोलीची सगळी सूत्रं क्लाउडवरच्या सेटिंगमध्ये होती. तिथे तापमान अठरा लिहिलं की खोली अठरावर यायची. ओलावा नव्वद लिहिला की नव्वद. खोलीला स्वतःची अक्कल नव्हती. लिहिलेलं खरं करून दाखवायचं, एवढंच तिचं काम.

सगळ्यात खाली एक नवी ओळ होती.

आतील माणसे : १

ही तिने लिहिली नव्हती. बदल कुणी केला, तो रकाना कोरा होता. माणसं मोजणारा सेन्सर खोलीत बसवलेलाच नव्हता. म्हणजे ही मोजणी नव्हती. हा हुकूम होता. माणूस आत असताना गॅस सुटू नये, म्हणून झडप बंद राहिली होती.

"मुबीनभाई, इथे आतील माणसे एक लिहिलंय. आत कुणी आहे का?"

"कावून? बगतो की."

आंब्यांपाशी तो कधी चपला घालून जात नसे. त्याने त्या दारात काढल्या आणि आत शिरला. दार मागे लोटलं गेलं. थोड्या वेळाने आतूनच आवाज आला, "कुनी न्हाई! करा शून्य!"

तिने एकाचा शून्य केला. सेव्ह.

आतला पंखा क्षणभर थांबला. मग फुस्स करून झडप उघडली.

"अहो, बाहेर या आधी! गॅस सुटला!"



तिने दार ओढलं. गार हवा, चिकाचा वास, क्रेट. ओळींमधून वाकून वाकून ती मागच्या भिंतीपर्यंत गेली.

कुणीच नव्हतं.

"बेटा," आमिनाबी दारातून म्हणाल्या, "माजा मुबीन कुटंय?"

यशोधरा धावत बाहेर आली. शून्याचा एक. सेव्ह.

पंखा थांबला.

लोटलेल्या दाराआड अनवाणी पावलं वाजली.

दार उघडून मुबीन बाहेर आला. तोच शर्ट, तीच दाढी. आमिनाबी हंबरडा फोडून त्याच्या गळ्यात पडल्या.

यशोधरा स्क्रीनकडेच बघत राहिली. तिने आकडा लिहिला होता. नाव कुठे लिहिलं होतं?

"चल बाबा, घरी चल," आमिनाबींनी डोळे पुसले आणि त्याच्या चपला त्याच्यापुढे सरकवल्या.

त्याने निमूटपणे पाय घातले. टाचा दोन बोटं बाहेर राहिल्या.