उशाजवळची काठी

दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत माणसं घाबरतात, घामाघूम होतात, काही जण तर चक्क पळून जातात. झोपत मात्र कोणी नाही. धम्मदीप झोपला!

दाढ तुटली म्हणून तो बारामतीत आला होता. डॉक्टर मेघनानं दाढ बधिर करायचं इंजेक्शन दिलं, पाच मिनिटं थांबा म्हणाली आणि हात धुवायला वळली. तेवढ्यात मागं घोरणं सुरू. बाहेर बाकावरची माणसं हसायला लागली. अर्ध्या उघड्या दारातून डोकावणाऱ्या निकितानं, मेघनाच्या मदतनीस मुलीनं, तोंडाला ओढणी लावली. मेघनालाही हसू आलं... आणि एकदम घोरणं थांबलं. छाती धडपडत होती, पण श्वास आत जात नव्हता. मेघनानं घड्याळाकडं पाहिलं. दहा सेकंद... सतरा... तेवीस. मग एक मोठा हिसका देऊन त्यानं हवा ओढली आणि डोळे उघडले. मेघनानंही श्वास सोडला. आपणही तो धरून ठेवला होता, हे तिला तेव्हा कळलं.

"झोपलो का काय मी?" तो ओशाळला.

"चार वर्षांत या खुर्चीत झोपलेले तुम्ही पहिलेच."

"तुमचा हातच हलका हाय, मॅडम."

मेघनाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ती घाईनं त्याच्या तोंडात बघायला लागली. बाकीच्या दाढाही झिजून सपाट झालेल्या. जिभेच्या कडेला दातांचे ठसे.

"सकाळी डोकं जड असतं? तोंड कोरडं? दिवसा पेंग येते?"

"तिन्ही व्हय. तुमी दात बघताय का हात?"

"काम काय करता?"

"कॉलेजची बस चालवतो. इंदापूर ते बारामती. बेचाळीस पोरी असत्यात."

मेघनाचं हसू मावळलं. कारखाने सुरू झाले होते, रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या होत्या. एक डुलकी लागली तर...

"घोरतो म्हंजी गाढ झोपतो, असंच समदे म्हनत्यात," तो म्हणाला.

"तुम्ही झोपताच कुठं? जीभ आणि खालचा जबडा मागं सरकतो, घसा बंद होतो, जीव दचकून जागा होतो. रात्रभर हेच. आधी छातीच्या डॉक्टरांकडून झोपेची तपासणी करून घ्या. त्यांनी सांगितलं तर मी तुमच्या दातांवर बसणारी पट्टी करून देईन. ती जबडा पुढं धरते, श्वासाची वाट मोकळी राहते."

"आन् तवर?"

"तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

त्याचा चेहरा उतरला. "सहा वर्षांत गाडीला ओरखडा न्हाय, मॅडम. आजारी ड्रायव्हर म्हणून नाव झालं की संपलं. तुमी कुनाला सांगू नका."

"आज नाही सांगणार. पण उद्या सकाळी मला तुम्ही स्टिअरिंगवर दिसलात, तर मी कॉलेजला फोन करेन."

दाढेचं काम होताच तो उठून निघून गेला. मेघनाला फार वाईट वाटलं. एका अनोळखी माणसाचं काम काढून घ्यायला निघालो आपण... आणि तोच माणूस परत यावा, असंही वाटतंय!

सकाळी ती आपल्या गावच्या, काटेवाडीच्या फाट्यावर उभी राहिली; इंदापूरची बस तिथूनच जायची. फोनवर कॉलेजचा नंबर काढून ठेवलेला. पिवळी बस आली. स्टिअरिंगवर दुसराच कोणी होता. धम्मदीप दाराजवळच्या सीटवर बसला होता. बस थांबवून तो खाली उतरला.

"फोन लावला असता?"

"हो."

"मीच कॉलेजला सांगून टाकलं. काल आईला बोललो, तर ती रडायलाच लागली." तो थांबला. "माझ्या खाटंशेजारी तिची खाट. उशाला बांबूची काठी ठेवती. माझा श्वास थांबला की ढोसती. बाबा असंच घोरायचे, एका सकाळी उठलेच न्हाईत... तवापासनं नऊ वर्षं ती अशी जागती. मला वाटायचं, आवाजाला वैतागून ढोसती. मी किती चिडलोय तिच्यावर, मॅडम..."

मेघना उसाकडं बघत त्याच्याशेजारी उभी राहिली. त्याच्या हातावर हात ठेवावा असं तिला फार वाटलं, पण ठेवला नाही.

तपासणी झाली. आजार मध्यम होता, पट्टी चालेल असं डॉक्टरांनी लिहून दिलं. मेघनानं त्याच्या दातांचे साचे घेतले. प्लास्टरचा तो पांढरा जबडा टेबलावर आला आणि ती रोज सकाळी तो पुसू लागली. निकिता सगळं बघत होती. पट्टी तयार झाल्यावर दर पंधरवड्याला धम्मदीप यायचा, मेघना पट्टी किंचित पुढं सरकवायची.

"ही घातली की बोलताच येत न्हाय."

"बरं झालं. जरा ऐकायला शिकाल."

"तुमी बोला की मग... ऐकतो."

उन्हं तापायला लागली तेव्हा पट्टी घालून पुन्हा तपासणी झाली. श्वास आता अडत नव्हता. बस चालवायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. ते पत्र घेऊन धम्मदीप आला, सोबत आई चतुराबाई. तिच्या हातात काठी.

"बसा ना, मावशी," मेघना म्हणाली.

चतुराबाईनं काठी टेबलावर ठेवली. "म्हयना झाला, हिला हात लावला न्हाय. नऊ वरसांनी झोपले बाई मी." आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

धम्मदीप खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी माझा श्वास थांबला, तवा तुमी काय केलं?"

"मोजलं."

"निकिता म्हनली, तुमीबी श्वास धरला व्हता."

बाहेर निकितानं फायलीत डोकं खुपसलं.

"...हो."

"का?"

"तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलंय, धम्मदीप." नुसत्या नावानं तिनं त्याला पहिल्यांदाच हाक मारली. तो बघतच राहिला.

चतुराबाई उठली. "चला. ही आता चुलीत घालते."

मेघनानं काठीवर हात ठेवला. "राहू द्या, आई. मी ठेवते."

"तुला गं कशाला?"

"हे कधी पट्टी घालायची विसरले तर..."

चतुराबाईनं तिच्याकडं बघितलं, मग लेकाकडं. मेघनाची बोटं तिनं काठीभोवती नीट मिटवली.

"बरगडीत न्हाय ढोसायचं," ती हळूच म्हणाली. "खांद्याला लाव. तितं लगीच जाग येती त्याला."