रफू दिसेल असा फोन

"धाकटीला यातलं एक अक्षरही कळता कामा नये," आई म्हणाली, आणि सुजलेला पाय थोरलीच्या मांडीवरून ओढून घेतला. थोरलीनं नुकताच त्या पायावर अंगठा दाबून पाहिला होता. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला होता... डॉक्टरांनी सकाळी तपासणीचा कागद हातात देताना 'यकृत' हा शब्द दोनदा उच्चारला होता आणि मग नुसतीच मान हलवली होती.

"आई, ती नर्स आहे. तिला नाही सांगायचं तर कुणाला?"

"घे माझी शपथ. तोंडातून शब्द काढलास तर तुझ्या हातचं पाणी घेणार नाही मी."

थोरलीनं शपथ घेतली. आईपुढे तिचं कधी काही चाललंय? बाप गेला तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आईच्या शेजारी खिडकीपाशी रफूला बसली ती आज चव्वेचाळिसाव्या वर्षीही तिथंच बसलेली होती. लोकांचे फाटलेले कोट, जळक्या शाली, उंदरानं कुरतडलेल्या पँटी सांधता सांधता धाकटीचं नर्सिंग झालं, धाकटीचं लग्न झालं, आणि स्वतःचं लग्न कुठल्या वर्षी राहून गेलं हे थोरलीच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. तक्रार केली नाही तिनं. तक्रार करायलाही समोर कुणीतरी ऐकणारं लागतं.

आई वरवर सांगत होती ते कारण खोटं नव्हतं. धाकटी लांबच्या शहरात मोठ्या हॉस्पिटलात लागली होती, नोकरी कायम व्हायला अजून सहा महिने होते, आणि तेवढ्यात रजा घेतली तर दुसरी बाई तिच्या जागी उभीच होती. पण खरं कारण थोरली जाणून होती. धाकटी घर सोडून निघाली तेव्हा आईनं दारात उभं राहून तिला सुनावलं होतं, की तुझ्यावाचून इथं कुणाचं काही अडत नाही, आम्ही बोलावल्याशिवाय यायची तसदी घेऊ नकोस. आता बोलावायचं म्हणजे ते शब्द गिळायचे. आणि गिळायचं म्हटलं की आईला गोळीसुद्धा जड जायची, शब्दाचं तर नावच नको.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर दुपारी सुईत दोरा ओवताना थोरलीच्या मनात ते आलं. सांगायचं नाही, अशी शपथ होती. दाखवायचं नाही, असं कुठं म्हटलं होतं आईनं? घरात होता तो बटणांचा फोन; त्यातून नुसता आवाज जायचा, आणि आवाज तर आई मरेपर्यंत खणखणीत ठेवणार होती. पण चेहरा दिसला तर... वॉर्डच्या दारातून पेशंटच्या डोळ्यांचा रंग ओळखते म्हणून जिचं कौतुक होतं, तिला आपल्या आईचे पिवळे डोळे दिसणार नाहीत? दिसतील आणि ती आपण होऊन धावत येईल. शपथही राहील आणि आईही राहील.

आईला तिनं सांगितलं, की गिऱ्हाईकं हल्ली कामाचे फोटो मागतात. आई म्हणाली, कर काय करायचं ते, आता रफूचीसुद्धा वरात काढा.

फोनच्या दुकानात समोरची मुलगी तिला पहिल्याच वाक्यात 'काकू' म्हणाली, तेव्हाच थोरलीनं मनातून तिचा एक मार्क कमी केला. मुलगी भराभर आकडे म्हणत होती, इतके मेगापिक्सेल, तितके मेगापिक्सेल, मागे चार भिंगं. थोरलीनं विचारलं, की चारही बघतात का, की दोन नुसती शोभेला? मुलगी ओशाळून हसली आणि तिनं खालच्या आवाजात कबूल केलं, की स्वस्तातल्या फोनांत दोन शोभेलाच असतात, काकू, आकड्यांवर जाऊ नका, फोटो काढून बघा.

मग थोरलीनं पिशवीतून आईनं रफू केलेली एका जुन्या कोटाची बाही काढली आणि काउंटरवर पसरली. ते रफू असं होतं, की बोट ठेवून दाखवलं तरी शिंप्याला सापडत नसे. तिनं एकेका फोननं बाहीचा फोटो काढला, दोन बोटांनी ताणून मोठा केला, आणि डोळ्याजवळ नेऊन पाहिला. पहिल्या फोनमध्ये नुसती काळी चादर दिसली. दुसऱ्यानं करड्या कापडाला निळं करून टाकलं. तिसऱ्या फोनला मात्र रफू दिसलं! उभ्या धाग्यांत मिसळलेला तो एक उपरा धागा, आईच्या हातचा, केसाएवढा... जे माणसाच्या डोळ्याला सापडत नाही ते ज्याला सापडलं, तो फोन खोटं बोलणार नाही, असं थोरलीला मनापासून वाटलं. किंमतही तीनही फोनांत त्याचीच कमी होती.

"काकू, पुढचा कॅमेरा पण बघा ना. सेल्फी काढा एक."

"माझं थोबाड मला पाठ आहे," थोरली म्हणाली.

तीन फोनांपुढे बाही धरली तिनं, पण एकाही फोनपुढे चेहरा धरला नाही. जन्मभर जिनं कापडच पाहिलं, तिला दुसरं सुचणार तरी काय?

पहिल्या रविवारी आई केस विंचरून, शाल नीट घेऊन, पाठ ताठ करून बसली. दोऱ्यांच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता. धाकटी ड्यूटीवरून आलेली, डोळे तारवटलेले, पण आईला पाहून खुलली. थोरली श्वास रोखून बाजूला उभी होती... आता विचारेल, आता विचारेल.

"आई, किती छान दिसतेस गं," धाकटी म्हणाली. "गालांवर लाली आलीय. ताईनं तुला मस्त ठेवलंय."

थोरलीनं स्वतःची समजूत घातली, की ती दमलेली आहे, पुढच्या वेळी पाहील. पुढच्या रविवारी तिनं पलंग खिडकीकडे सरकवला. त्याच्या पुढच्या रविवारी शाल आपल्या हातानं आईच्या खांद्यावरून खाली ओढली, की गळ्याजवळची हाडं दिसावीत. आईनं हातावर चापट मारून शाल वर घेतली. धाकटी हसत होती आणि हॉस्पिटलातल्या कँटीनच्या गमती सांगत होती.

सहा रविवार असे गेल्यावर थोरलीच्या मनात विष उतरलं. तिला वाटायला लागलं, की हिला दिसतंय. सगळं दिसतंय हिला, आणि नोकरी जाईल म्हणून डोळ्यांवर कातडं ओढून बसलीय ही! ज्या बहिणीच्या फीसाठी आपण बोटांची चाळण करून घेतली, ती बहीण आईचं मरण उघड्या डोळ्यांनी बघते आणि गालांवर लाली आलीय म्हणते... त्यानंतर ती फोन लावून द्यायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. धाकटीनं विचारलं, की ताई बोलत का नाही, तर आतून ओरडून सांगायची, की मला कामं आहेत, सगळ्यांना खुर्चीवर बसून पगार मिळत नाही. असे फोन आणल्याला चार महिने झाले.

मग एका सकाळी आईला रक्ताची उलटी झाली. थोरली आईचं डोकं धरून बसली. फोन शेजारच्या मास्तरीणबाईंनी लावला. त्यांच्यावर कुणाची शपथ नव्हती. त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटी बॅगेसकट दारात उभी राहिली.

तिनं पलंगाकडे पाहिलं आणि बॅग हातातून सुटली. आधी ती रडली नाही. नर्ससारखी पुढे गेली, पापणी खाली ओढून डोळा पाहिला, पोटावर हात ठेवला, पाय दाबून पाहिले. मग वळली.

"हे केव्हापासून आहे ताई?"

"तुला नाही माहीत?"

"मला कसं माहीत असणार? तू लपवलंस. माझ्याच आईला माझ्यापासून लपवलंस तू!"

"मी लपवलं?" थोरलीचा आवाज चिरकला. "दर रविवारी तुझ्या तोंडासमोर बसवली मी तिला. नर्स ना तू? लोकांच्या आयांचे डोळे दिसतात, आपल्या आईचे दिसेनात?"

धाकटीनं इकडेतिकडे पाहिलं, खिडकीतला फोन उचलला, व्हिडिओ कॉलला लावतात तसा पुढचा कॅमेरा चालू केला आणि आईच्या उशाशी बसून पडदा तिच्या चेहऱ्यासमोर धरला. थोरली तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली. आजवर कॉलच्या वेळी तिचं लक्ष पडदाभर दिसणाऱ्या धाकटीवर असायचं. कोपऱ्यातला आईचा तुकडा पोस्टाच्या तिकिटाएवढा, तो कोण बघतो?

पडद्यावर एक गोरीगोमटी बाई झोपली होती. गुलाबी गाल, नितळ कपाळ, डोळ्यांचं पांढरं दुधासारखं. आणि फोनसमोर, हातभर अंतरावर, हळदीसारखी पिवळी पडलेली त्यांची आई.

"हा चेहरा उजळवतो," धाकटी हळूच म्हणाली. "आपोआप. नव्या फोनवर बऱ्याचदा चालूच असतं हे." तिनं एका बोटानं काहीतरी बंद केलं आणि पडद्यावरचा गुलाबी रंग उतरून गेला. एवढंच करायचं होतं... चार महिन्यांत एकदा, एका बोटानं, एवढंच.

इतके दिवस थोरलीनं या पोरीला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं! आणि ती बिचारी खरंच आईला धडधाकट समजून आनंदात होती.

"मी म्हणत नाही ती वाचली असती," धाकटी म्हणाली, आणि आता तिचा बांध फुटला. "पण मी आले असते. चार महिने मिळाले असते मला. फोन कशाला आणलास ताई? तोंड होतं ना तुला?"

थोरलीच्या ओठांवर शपथ आली होती. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. पण पलंगावर पडलेल्या बाईकडे तिनं पाहिलं, आणि हा आरोप आपल्याच पदरात राहू दे, असं ठरवून खाली मान घातली. मरणाऱ्या माणसाला मुलीसमोर उघडं कशाला पाडायचं...

"तिला बोलू नकोस."

आईचा आवाज होता, खणखणीतपणा संपलेला. "मी घातली होती शपथ. तुला जा म्हटलं होतं ना मी... मग ये कोणत्या तोंडानं म्हणू?" तिनं दम घेतला. "हिची जीभ मी बांधली. हिची तर सगळ्या बाबतीत बांधली."

सत्तावीस वर्षांत आईनं थोरलीबद्दल काढलेले तेवढेच बरे उद्गार. थोरलीनं तोंड फिरवलं, कारण रडताना आईनं पाहिलेलं तिला चाललं नसतं.

आई त्यानंतर एकोणीस दिवस जगली. धाकटी तिला पुसायची, कूस बदलायची, औषध द्यायची. थोरलीला हाताला धरून झोपायला पाठवायची. नोकरीचं काय झालं, हे थोरलीनं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा धाकटीनं विषय बदलला. एकदा आईनं दोघींचे हात धरून काही सांगायला सुरुवात केली, पण वाक्य पुरं व्हायच्या आत तिला ग्लानी आली. ते काय होतं, हे आता कधीच कळायचं नाही.

सगळं आटोपल्यावर धाकटीनं बॅग भरायला घेतली. हॉस्पिटलनं मेहेरबानी करून परवापर्यंत थांबायची तयारी दाखवली होती. थोरली दाराशी उभी होती. रिकामा पलंग, गिऱ्हाइकांची फाटकी गाठोडी, खिडकीपाशी दोन बैठका. आईनं तिला आयुष्यभर सगळं शिकवलं होतं, फक्त मागायला शिकवलं नव्हतं.

"राहतेस का?" ती शेवटी म्हणाली. "चार दिवस. मला... एकटीला भीती वाटते."

धाकटीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. या घरात कुणी कुणाला असं म्हणताना तिनं कधी ऐकलंच नव्हतं.

"हेच तू तेव्हा..." ती म्हणाली, आणि पुढचं गिळलं. मग बहिणीजवळ येऊन तिच्या चाळण झालेल्या बोटांना आपल्या दोन्ही हातांत घेत म्हणाली, "जावं लागेल गं ताई. आता नाही गेले तर नोकरी जाईल."

"हो," थोरली म्हणाली. "जा."

आणि मग तिला वाटलं, की हे पुन्हा आईसारखंच झालं. म्हणून तिनं धाकटीचा हात सोडला नाही, आणि उरलेलं वाक्य पुरं केलं.

"जा. पण ये. मी बोलावतेय."