गिटारीतली खडखड

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली आणि आतला दिवाही गेला. तिने आधी देवाला हाक मारली, मग लिफ्ट बनवणाऱ्याचा उद्धार केला आणि शेवटी स्वतःच्या आळसाला बोल लावला. समोर चांगला जिना होता की! पण पाठीवर गिटार होती, आणि ही गिटार साधीसुधी नव्हती. अख्खी पत्र्याची, पोटात ॲल्युमिनियमची पातळ थाळी बसवलेली. तार छेडली की थाळी थरथरायची आणि आवाज घरभर व्हायचा. जहाजावर नोकरीला असलेल्या मामाने ती कुठल्याशा बंदरातून आणली, हौसेने वाजवून पाहिली आणि मामीने हात जोडल्यावर भाचीला देऊन टाकली.

आता मदत येईपर्यंत करायचं काय? ती लिफ्टच्या फरशीवर बसली, गिटार मांडीवर आडवी घेतली, करंगळीत लोखंडी नळी चढवली आणि तारांवरून हळूच घसरवत नेली. अंधारात तो सूर बरा वाटला. कुणीतरी सोबतीला असल्यासारखा.

"आत कोण आहे?" वरून आवाज आला.

"मी आहे! काढा ना बाहेर!"

"काढतो. घाबरू नका. पण ती तिसरी तार जरा परत वाजवा बरं."

"काय?"

"वाजवा हो... हं. खडखडतंय काहीतरी."

ती ताडकन उठली. "लिफ्टमध्ये?"

"छे, लिफ्ट ठणठणीत आहे. गिटारीत."

दार उघडलं तेव्हा बॅटरीचा झोत आधी गिटारीवर पडला. मग तिच्यावर. झोतामागे तेलाने माखलेले हात, कपाळावर काळा पट्टा, आणि चेहऱ्यावर जत्रेत हरवलेलं पोर सापडावं तसा आनंद. तिचा संताप झाला.

"आधी माणसाला बाहेर काढायची पद्धत नाही का तुमच्यात?"

"आहे ना. पण माणूस खडखडत नव्हता."

तिला हसू आलं. हसायचं नव्हतं, तरी आलं. तिथेच पाय घसरला म्हणा ना.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा. पोटासाठी लिफ्ट, आणि जीव मात्र असल्या पत्र्याच्या गिटारींमध्ये आणि जुन्या पद्धतीच्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या छोट्या अँप्लिफायरमध्ये अडकलेला. "शनिवारी संध्याकाळी आणा, बघतो," म्हणाला आणि ताईच्या घराचा पत्ता दिला. तो मोठ्या बहिणीकडे राहायचा.

मागची खोली त्याची. पूर्वी तिथे ताईचे कपडे वाळायचे. आता दोरीवर वायरी लोंबत होत्या, कोपऱ्यात मोडक्या रेडिओंचे सांगाडे होते आणि डाख लावल्याचा करपट वास होता. मध्ये स्टुलावर एक लाकडी पेटी, त्याचा अँप. त्याने बटण दाबलं, काहीच झालं नाही. ती वाट बघत राहिली. मग मागच्या काचांमध्ये नारिंगी उजेड हळूहळू जागा झाला आणि पेटी बारीक गुणगुणायला लागली.

"ह्याला घाई चालत नाही," तो म्हणाला. "आधी तापणार, मग बोलणार."

"आमच्या वहिनीसारखा."

"बोलल्यावर वहिनी थंड होतात?"

"कुठल्या! अजून तापते."

तो हसला. बंद पडलेला दुसरा अँप उघडून त्याने आत बघायला सुरुवात केली, तेव्हा तिच्या लक्षात आलं, की त्याचा डावा हात खिशात आहे. काम उजव्या हाताने, डावा कायम खिशात.

"हे काय, ऐट?"

"जीव वाचवायची युक्ती. बटण बंद असलं, तरी आत वीज साठलेली असते. दोन्ही हात आत घातले, की ती एका हातातून शिरते, दुसऱ्यातून निघते. मध्ये काळीज असतं."

"आणि एकच हात घातला तर?"

"झटका बसतो. पण माणूस वाचतो... बहुतेक."

तो हात तिला त्या दिवसापासून छळायला लागला. जवळ बसायचा, बोलायचा, हसायचा, आणि तो हात तेवढा खिशात.

तिचं काम कवळ्या बनवण्याचं. दाताच्या डॉक्टरांसाठी लॅबमध्ये बसून ती मेणात बारीक बारीक दात बसवायची. हे कळल्यावर त्याने तिचं नावच 'दातवाली' ठेवलं. तिने त्याचं ठेवलं 'मिस्त्री'. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. ताईला कळलं. ती चहा ठेवून जाताना उगाच खोकायची.

पहिल्या दुरुस्तीनंतर खडखड गेली आणि आठवड्याभरात परत आली. तिला कोण आनंद झाला! बिघडलेल्या वस्तूला असं कुरवाळताना वहिनीने पहिल्यांदाच पाहिलं असेल. पुन्हा शनिवार, पुन्हा तापणारा अँप, पुन्हा चहा. त्याने थाळीवरचा पत्रा उघडला, कुठला तरी स्क्रू आवळला, आणि ती घरी आली. या वेळी मात्र खडखड परतेना. तिने वाट पाहिली. गुरुवारी वाजवून पाहिलं, शुक्रवारी पाहिलं. मेली गिटार अशी स्वच्छ वाजत होती, की रडू यावं.

शेवटी तिने लॅबमधला बारीक स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्या पत्र्याचा एक स्क्रू सैल केला. अगदी थोडासा. दात बसवणारा हात, ओरखडा कशाला उठतोय?

"परत?" त्याने विचारलं.

"परत," ती म्हणाली. नजर मात्र छताकडे.

"तू वाजवतेसच तशी. नाचता येईना, अंगण वाकडं."

"मग अंगण सरळ कर ना! मिस्त्री कशाला म्हणवतोस?"

मग हे चालूच राहिलं. ती सैल करायची, तो आवळायचा. मधल्या वेळात दोघं वाजवायची, ती गिटार आणि तो त्याचा अँप. हो, अँपही वाजवावा लागतो असं त्याचं म्हणणं. आवाज किती वाढवला की तो गोड फाटतो आणि किती वाढवला की नुसताच फाटतो, यावर त्यांची कडाक्याची भांडणं व्हायची.

वहिनी म्हणाली, "गिटारीला दमा झालाय की तुला?"

एकदा चहा पिता पिता तो म्हणाला होता, "आमचा धंदाच वाईट. लिफ्ट चालू असली, की लिफ्टवाला कुणाला आठवत नाही. आजवर मला कुणी नुसतंच बोलावलं नाही बघ. बिघडलं, की ये."

"मग? डॉक्टरांचंही तसंच असतं," ती म्हणाली आणि बिस्किट चहात बुडवलं. बिस्किट तुटून कपात पडलं, त्यावरून हसाहशी झाली आणि ते वाक्य तसंच राहून गेलं. माणसाला मोत्यासारखं वाक्य मिळावं आणि त्याने बिस्किटाकडे बघत बसावं... नशीब, दुसरं काय!

आणि मग तो शनिवार आला.

ती नेहमीप्रमाणे सैल स्क्रू घेऊन गेली. त्या दिवशी तो फार बोलला नाही. सगळ्या तारा उतरवल्या, पत्रा काढला, थाळी उचलून तिची कड पुसली, पुन्हा बसवली. प्रत्येक स्क्रूला रंगाचा एकेक थेंब लावला, म्हणजे तो पुन्हा हलायला नको. नव्या तारा चढवल्या. ती बघत होती आणि तिचं मन एकेका थेंबागणिक खचत होतं. कारण रंग लावलेला स्क्रू सैल केला, तर रंग तडकतो. चोरी उघडी पडते.

त्याने गिटार वाजवली. एकही खडखड नाही. घंटेसारखी.

"झालं," तो म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. "आता हिला काही होणार नाही. हिच्यासाठी इथे यायची गरज नाही तुला."

खोलीत अँप गुणगुणत होता. ती थांबली. त्याने आणखी एक शब्द बोलावा म्हणून थांबली. 'तरी ये', एवढाच. तोही थांबला होता, पण हे तिला कसं दिसावं? तिला दिसला फक्त खिशातला हात.

"बरं," ती म्हणाली. "बरं झालं... कटकट मिटली तुझी."

ती गिटार उचलून निघाली. दारात ताई होती, तिच्याशीही धड बोलली नाही.

ती मानी होती. घरी येऊन रडली, पण दार लावून. चोरी पकडली गेली, त्याला कंटाळा आला आणि त्याने सभ्यपणे घरचा रस्ता दाखवला, एवढाच अर्थ तिने काढला. त्याने फोन केला नाही, तिने केला नाही. दोघं तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. पाऊस येऊन गेला, थंडी आली. गिटार स्वच्छ वाजत राहिली आणि त्या स्वच्छ आवाजाचा तिला राग येत राहिला.

एका रविवारी दुपारी तिने पुन्हा तो बारीक स्क्रूड्रायव्हर काढला. रंगाच्या थेंबावर टेकवला. आणि हात थांबला. बाई गं, तिने स्वतःला विचारलं, तुला गिटार दाखवायचीय का माणूस बघायचाय? मग सरळ जाऊन सांग ना. नाही म्हणाला, तर म्हणाला. निदान रोज रोज मरायला नको.

तिने स्क्रूड्रायव्हर ठेवून दिला, केस विंचरले आणि गिटार न घेता निघाली. रस्ताभर वाक्य घोकत होती. 'काही बिघडलं नाहीये, मी तुला भेटायला आलेय.' सोपं वाक्य. तरी दर वळणावर चुकत होतं.

दार ताईने उघडलं. ताईची नजर तिच्या पाठीवर गेली, मग हातांवर.

"आज गिटार नाही?"

"नाही, ताई. अशीच आले."

ताईचा चेहरा कसानुसा झाला. "अशीच आलीस..." ती म्हणाली. "अगं, वरातीमागून घोडं आणलंस गं पोरी." आणि बाजूला झाली.

मागच्या खोलीत रेडिओंचे सांगाडे खोक्यांत भरले जात होते. तो वळला. तिला पाहून आधी त्याचा चेहरा उजळला, सवयीने. मग त्याने तिचे रिकामे हात पाहिले. बघतच राहिला.

"काही बिघडलं नाहीये," ती म्हणाली. "मी तुला भेटायला आलेय."

तो मटकन बसला. स्टुलावर अँप होता, त्याच्यावरच बसला.

"दर शनिवारी तापवून ठेवायचो हा," तो म्हणाला. "तू येशील म्हणून. एक व्हॉल्व्ह जळून गेला त्यात."

"तूच म्हणालास, यायची गरज नाही."

"गिटारीसाठी गरज नाही, म्हणालो होतो! मला वाटलं, आता हिच्याकडे निमित्त उरणार नाही. मग आली तर माझ्यासाठी येईल." त्याचा आवाज चिरकला. "स्क्रू तू सैल करायचीस, मला काय माहीत नव्हतं? आणि पहिल्यांदा खडखड परत आली, ती का आली असेल? मीच एक स्क्रू अर्धा ठेवला होता."

तिला हसावं की रडावं कळेना. "मग बोलायचंस ना रे!"

"तू बोलायचंस ना..."

भांडायला जागा होती, पण आता भांडून काय मिळणार होतं?

"ही खोकी?" तिने विचारलं. उत्तर कळलं होतं. तरी विचारलं.

"घर घेतलंय भाड्याने. पुढच्या महिन्यात लग्न आहे." तो जमिनीकडे बघत सांगत होता. "आमच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेते, ती. एक दिवस तिचा फोन आला. मी विचारलं, कुठली लिफ्ट? ती म्हणाली, कुठलीच नाही. म्हटलं, तुम्ही जेवलात का विचारावं."

एवढंसं वाक्य. जेवलास का. ते तिलाही येत होतं. दर शनिवारी तिच्या जिभेवर होतं.

"चांगली आहे?"

"चांगली आहे. तिला फसवणार नाही मी."

"फसवू नकोस," ती म्हणाली. आणि मग, उंबऱ्याशी आल्यावर, राहवलं नाही म्हणून म्हणाली, "मला तू फार आवडायचास, मिस्त्री. त्या लिफ्टपासून. आता सांगून उपयोग नाही, पण आणलेलं परत कुठे नेऊ?"

तो उठला. पुढे आला आणि थबकला. अँप उघडा असावा तसा त्याचा डावा हात आपोआप खिशात गेला. तिने ते पाहिलं आणि ती निघाली. हा हात आता आपल्यासाठी बाहेर येणार नाही, आणि यायलाही नको, हे तिला कळलं होतं.

घरी वहिनी भाजी निवडत बसली होती. नणंदेचा चेहरा बघून तिने थट्टा गिळली.

"तिकडे गेली होतीस? काय गं... बिघडलीय का पुन्हा गिटार?"

"नाही," ती म्हणाली आणि वहिनीच्या शेजारी बसून तिनेही शेंगा सोलायला घेतल्या. "त्याने नीट करून दिलीय, वहिनी. आता ती कधीच बिघडायची नाही."