कोपराची जागा

पियुष, ते लाकूड जरा आत सरकव, सगळा धूर पौर्णिमाच्या डोळ्यात चालला आहे. हां, आता बरं. आणि संत्र्याची राखण करायला आलात तर मोबाईल खिशात ठेवा, चोर काही मोबाईलमधून येणार नाही. गोष्ट पाहिजे ना? सांगतो. पण मध्येच 'मग काय झालं, मग काय झालं' करायचं नाही. करायचं असेल तर उठा आणि बागेला एक चक्कर मारून या.

मला तुम्ही ओळखता. सारी नोकरी आयटीआयमध्ये पोट्ट्यांना फिटरचं काम शिकवण्यात गेली. भूतबित मी मानत नाही. हे ज्याच्यासोबत घडलं तो कुंदन माझाच विद्यार्थी, अमरावतीला आमच्या गल्लीत राहतो. पोरगा हातानं सोनं आहे. डोक्याचं विचारू नका.

त्याला नाद जुन्या यंत्रांचा. घरामागं पत्र्याचं शेड आहे, त्यात कोणाचं गंजलेलं शिलाई मशीन आण, कोणाची शेवयांची मशीन आण, खोल, घास, रंग मार. आणि हे सगळं मोबाईलवर शूट करून लोकांना दाखवायचं. आधी कसं भंगार होतं, आता कसं लखलखतं. लोक वाहवा करतात. बायको, प्राजक्ता, म्हणते, "यायले नवं काही आवडतच नाई, मीच एक चुकून नवी आली घरात."

तर मागच्या दिवाळीनंतर कुंदनला कळलं, अकोल्याला एक दगड कापायचं जुनं मशीन आहे. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात. गेला. घर हुसेनचाचांचं. चाचा अकीक घासायचे. अकीक म्हणजे आपल्या नदीनाल्यात सापडते ती रंगीत गारगोटी, अंगठीत बसवतात ती. चाचा वारून वर्ष होत आलं होतं. मशीन जड, बिडाचं, बाहेरदेशी बनावटीचं. एका बाजूला दगड चिरायची पाती, दुसऱ्या बाजूला घासायचं चाक, चाकावर थेंब थेंब पाणी पडायला पत्र्याचा डबा. आणि चाकापुढं एक आडवी लाकडी फळी.

कुंदननं सौदा केला, नातू इमादनं मशीन टेम्पोत चढवायला माणसं आणली. तेवढ्यात कुलसुमबी, चाचांची बायको, बाहेर आली. फळीवर हात ठेवून म्हणाली,

"बेटा, मशीन खुशाल ने. फकत हे फळी मले वापस आनून दे. तिचे नट गंजले, इमादनं लई जोर लावला, निघत नाईत. तुह्याजवळ अवजारं हायेत, तू काढशीन."

"फळीचं काय करता, चाची? कीड लागली हाय तिले."

"त्यायच्या कोपराची जागा हाय ते."

कुंदननं पाहिलं. काडीच्या टोकाला लाखेनं दगड चिकटवायचा, ती काडी हातात धरायची आणि हात हलू नये म्हणून कोपर फळीवर टेकायचं. सारा जन्म एकाच जागी कोपर टेकून लाकडाला खळगा पडला होता. वाटीसारखा. गुळगुळीत.

"अमानत समज," कुलसुमबी म्हणाली.

"आठ दिवसांत आनून देतो, चाची. जबान देतो," कुंदन म्हणाला. मनापासून म्हणाला, हे लक्षात ठेवा. वाईट माणूस नाही तो.

घरी आला आणि कामाला लागला. मोटार नवी बसवली, बेअरिंग बदललं, पट्टा बदलला, बिडाला हिरवा रंग मारला. नट तापवून फळी काढली. काळी, तेलकट, किडलेली. मोबाईल समोर चालूच. त्याला वाटलं, वरचा मळ तेवढा काढावा, चाचीला स्वच्छ करून द्यावी. मळ काढता काढता लाकूड उघडं पडलं. आतून अस्सल सागवान! तुम्हाला सांगतो, कारागिराचा हात एकदा चालू झाला की डोकं दुकान बंद करतं. त्यानं रंधा उचलला. सरसर सरसर छिलके निघाले. फळी आरशासारखी सपाट झाली, त्यानं मोबाईलकडं पाहून हसूनही दाखवलं.

आणि मग त्याच्या लक्षात आलं.

छिलके पायाखाली पडले होते. खळगा त्यांच्यात गेला होता.

आता माणसानं काय करावं? अकोल्याला जावं, म्हाताऱ्या बाईपुढं कान धरावे, चुकलं म्हणावं. एवढंच. पण त्याला लाज वाटली. आणि लाज वाटली म्हणून त्यानं त्याहून लाजिरवाणं काम केलं. मोडलेल्या दाराच्या चौकटीचं जुनं लाकूड घेतलं, तेवढ्याच मापाचं कापलं, मागच्या कडेला नटांची भोकं पाडली. ग्राइंडरनं खळगा कोरला. वरून जळकं तेल चोळलं. हुबेहूब. असली फळी पॉलिश करून मशीनलाच परत ठोकली, कारण तिच्याकडं पाहायलाही त्याला नको वाटे.

दत्तजयंतीच्या दिवशी दुपारी तो ती बनावट फळी घेऊन अकोल्याला गेला.

कुलसुमबीनं फळी मांडीवर घेतली. तळहात फिरवला. हात आधी डाव्या टोकाकडं गेला. तिथं थांबला. मग सावकाश, सावकाश उजवीकडं आला आणि खळग्यात बसला. म्हातारीला दिसत नसेल, कुंदनला वाटलं.

"लई मेहनत घेतली बेटा," ती म्हणाली. "चाय घेऊन जा."

तो चहा प्याला. गोड लागला नाही, म्हणे. रात्री अमरावतीला परत आला. गल्लीत दत्ताचा प्रसाद वाटणं चाललं होतं, मीच त्याच्या हातावर सुंठवडा ठेवला. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

म्हणजे ती रात्र दत्तजयंतीची. अमावस्या नाही, काही नाही. पुनवेचं टिपूर चांदणं. अंगणात सुई पडली तरी दिसावी. थंडी म्हणाल तर आजच्यासारखी.

गल्ली झोपली. कुंदनला झोप नव्हती. कुशीवर वळला की ती फळीवरची बोटं दिसत. मग त्याला आवाज आला.

टप.

टप.

मागच्या शेडमधून. पाण्याचा. मशीनवरचा डबा त्यानं रिकामा ठेवला होता, हे त्याला पक्कं आठवत होतं. म्हणाला, मांजरानं नळाला धक्का दिला असेल. उठला. मागचं दार उघडलं. अंगणात आला.

तेव्हा चाकाचा आवाज ऐकू आला.

"काका, पण मोटारची पिन..."

पौर्णिमा, मी काय म्हटलं होतं? पिन काढलेली होती. रात्री पिन काढायची आणि वायर खिळ्याला गुंडाळून ठेवायची, ही सवय मीच लावली आहे माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना. चांदण्यात वायर दिसत होती. खिळ्याला. गुंडाळलेली.

चाक फिरत होतं.

दगड चाकाला लागल्याचा आवाज... खर्र्... मग थांबला. माणूस दगड उचलून उजेडात पाहील, तेवढा वेळ थांबला... परत खर्र्... परत थांबला...

घाई नाही. राग नाही. नेहमीचं काम.

शेडचं दार अर्धं उघडं. आत अंधार. कुंदन दारापर्यंत गेला. त्यानं हाक मारली, आपल्यालाच ऐकू येईल एवढ्यानं.

"चाचा...?"

आवाज थांबला.

सगळंच थांबलं. टपटपही.

काही नाही...

बराच वेळ काही नाही...

मग लाकडावरून सरकल्यासारखं. कोपर जरा सावरून बसावं, तसं.

खर्र्...

मी त्याला विचारलं, लेका, पळाला का नाहीस? तो म्हणाला, "सर, भीती असती तं पयालो असतो. मले लाज वाटली. त्यायनं एक शब्द बोलला नाई. माह्याकडं पाह्यलं बी नाई. मी दारात चोरावानी उभा, अन् थे आपलं काम करून राहिले." तो तिथंच, अंगणात, भिंतीला टेकून खाली बसला. तोंड झाकून. आवाज कधी थांबला, त्याला कळलं नाही.

प्राजक्तानं उजाडायच्या आधी उठून पाहिलं तेव्हा तो थंडीनं काकडला होता. दोघं शेडमध्ये गेले. पाण्याचा डबा कोरडा. चाक कोरडं. वायर खिळ्याला.

फळीवरचं पॉलिश गेलं होतं. डाव्या बाजूला. तिथं खळगा होता.

वाटीसारखा. गुळगुळीत. आणि त्यात अकीकाची बारीक लाल भुकटी.

कुंदननं मोबाईल काढला आणि मशीन आणलं त्या दिवशीचं शूटिंग पाहिलं. खळगा डावीकडंच होता. हुसेनचाचा डावरे होते. हा स्वतः उजव्या हाताचा, म्हणून यानं न पाहता, न विचारता, उजवीकडं कोरला. म्हणजे कुलसुमबीला हात लावताच कळलं होतं. कळूनही तिनं चहा पाजला. त्या चहाचं आठवून तो तिथंच रडला, प्राजक्तानं सांगितलं मला.

"उठा," ती त्याला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता नेऊन द्या. खरं सांगा अन् या."

त्यानं फळी काढली, मोटारसायकलच्या मागं दोरीनं बांधली आणि निघाला. बडनेरा, मूर्तिजापूर, सगळीकडं धुकं. हाताची बोटं अशी बधिर झाली की अकोल्यात शिरताना ब्रेक दाबलेला कळेना.

कुलसुमबीनं दार उघडलं. दाराशीच त्याची बनावट फळी उभी होती. ओढणीत गुंडाळून, गाठ मारून. परत पाठवायला तयार.

"तुही हाय, घेऊन जा बेटा," ती म्हणाली. "मले याचा काय उपयोग?"

कुंदननं तिच्या पायाशी असली फळी ठेवली. सगळं सांगितलं. रंधा, ग्राइंडर, खोटं. मान वर केली नाही. रात्रीचं मात्र तो बोलू शकला नाही.

कुलसुमबी खाली बसली. हात फळीवर ठेवला. या वेळी तो सरळ डावीकडं गेला.

आणि तिथं राहिला...

खूप वेळ राहिला...

मग तिनं फळी उचलून कुंदनच्या गोठलेल्या बोटांखाली सरकवली. बाकीचं लाकूड बर्फासारखं होतं. दंवानं ओलं.

"पाह्य," ती हळूच म्हणाली. "आत्ताच उठले इथून. जागा गरम हाय अजून."