ब्रेकवरचा पाय

तो शनिवार होता की रविवार, हे मला आता छातीठोकपणे सांगता येणार नाही. मिस्त्रीला विचारलं तर तो रविवार म्हणतो. पण त्याने मला ही हकीकत दुसऱ्याच दिवशी सांगितली आणि त्या दिवशी मी रविवारच्या सुट्टीमुळे घरी होतो, म्हणून डिसेंबरातला पहिला शनिवार, रात्री सव्वाअकरा, असं धरून चालू. बाकीचं त्याने सांगितलं तसंच सांगतो. माझ्याकडून काही वाढवलं गेलं असेल तर... नाही, वाढवलेलं नाही. जवळ सरका, पोरांनो.

मिस्त्री म्हणजे माझा मावसभाऊ. गॅरेज बंद करून तो अंथरुणाला पाठ टेकतोय, तोच शिडीचा फोन. शिडी हा त्याचा टेम्पोवाला दोस्त. उंची अशी, की कुठल्याही घरात आधी वाकायचा आणि मग बोलायचा. चढावर धाडकन आवाज होऊन त्याच्या टेम्पोचा योक तुटला होता. मागच्या ॲक्सलमधून पिनियनचं टोक बाहेर येतं, त्यावर हा योक बसतो, आणि इंजिनाकडून येणारा लांब शाफ्ट त्यालाच जोडलेला असतो. तो तुटला की चाकांची आणि इंजिनाची फारकत.

मिस्त्रीने गॅरेजमधला नवा योक पिशवीत टाकला आणि स्कूटर काढली.

भरलेला टेम्पो चढाकडे तोंड करून उभा होता. मागच्या चाकाखाली एकच लाकडी ओंडका. गिअर टाकून उपयोग नव्हता, आणि त्या जुन्या गाडीचा हँडब्रेकही शाफ्टवरच चालायचा. चाकं धरणारा उरला फक्त पायाचा ब्रेक.

"एवढ्याशा लाकडावर उभी आहे होय?"

"खालून दगड आणतो. तोवर गाडीखाली शिरू नकोस हां."

"तुझ्या डोक्यात भरलेत त्यापेक्षा मोठे आण."

शिडी टॉर्च घेऊन वळणापलीकडे गेला. मिस्त्रीने पोतं अंथरलं, पाने मांडले. तेवढ्यात कॅबिनचं दार लागलं आणि मागचे ब्रेकलाइट पेटले. रस्त्यावर लाल उजेड पसरला.

"आळशी लेकाचा! दगड राहिले, ब्रेकवर जाऊन बसला," असं पुटपुटत मिस्त्री खाली शिरला. आतून ओरडला, "दाबून धर रे! मी सोड म्हणेपर्यंत पाय काढायचा नाही!"

त्याने शाफ्ट सोडवून बाजूला टेकवला. पिनियनच्या नटाची जागा छिन्नीने खूण करून ठेवली. नट महाघट्ट. पान्याला पाइप लावून त्याने सगळा जीव लावला. एरवी अशा वेळी योक धरायला दुसरा माणूस लागतो. पण चाकं अशी आवळलेली होती की काही म्हणता काही फिरलं नाही. नट सुटला.

"वा रे पठ्ठे!"

नट काढून त्याने पोत्यावर ठेवला.

"वहिनीने उपाशी पाठवलं वाटतं, एवढा गप्प?"

जुना योक निघाला. नवा बसला. नट खुणेपर्यंत आवळून झाला आणि तेवढ्यात चाकाखालचा ओंडका कडकन फुटला. त्याचे दोन तुकडे रस्त्यावरून खाली घरंगळत गेले.

गाडी हलली नाही.

मग मागून पावलं वाजली. धपकन दगड पडले.

"मिस्त्री? अरे, आत का शिरलास? नको म्हटलं होतं ना!"

मिस्त्रीने मान वळवली. लाल उजेडात दोन लांब पाय. शिडीचे.

"तू... इथे?"

"मग कुठे असणार?"

"कॅबिनमध्ये कोण आहे?"

आता शिडीच्याही ध्यानात आलं, ब्रेकलाइट पेटलेले होते.

"माझ्याबरोबर... कोणी नव्हतं रे."

"दगड लाव," मिस्त्री कुजबुजला. "हळू. वर बघू नकोस."

एक दगड. मग दुसरा. दगड चाकावर खटखटत होता. मिस्त्री पाठीवर सरकत होता. खांदे बाहेर. कंबर. गुडघे.

सुटला.

उजेड तसाच. मिस्त्रीच्या लक्षात आलं. आपणच सांगितलंय... सोड म्हणेपर्यंत.

त्याने तोंड उघडलं.

"सोडा... आता."

उजेड विझला. गाडी कुरकुरत दगडांवर टेकली.

दार उघडलं नाही. कोणी उतरलं नाही.

दोघे उजाडेपर्यंत रस्त्याच्या कडेला एकमेकांना चिकटून बसले. सकाळी शिडीने दार उघडलं. आत कोणी नव्हतं. पण ड्रायव्हरची सीट वीतभर पुढे आली होती, स्टिअरिंगला अगदी भिडून. एखाद्या खूप बुटक्या माणसाचा पाय पोचावा, इतकी.

"ही सीट सरकत नाही रे," शिडी म्हणाला. "बोल्ट मारलेत तिला."

शिडी त्या सीटवर बसेना, म्हणून टेम्पो क्रेनने ओढून आणला आणि त्याच आठवड्यात भंगारात काढला. मी मात्र मनात म्हणायचो, बोल्ट ढिले झाले असतील. घाबरलेल्या माणसांनी काय पाहिलं, कोणास ठाऊक.

सात-आठ वर्षांनी मी त्या भंगारवाल्याकडे गेलो. एकटाच, भर दुपारी. टेम्पो मागच्या भिंतीशी होता. सीट स्टिअरिंगला भिडलेलीच. मी दोन्ही हातांनी ओढली. हलली नाही.

तिच्या मागे, जिथे ती असायला हवी होती तिथे, पत्र्यात तिचे चार बोल्ट होते. चारही घट्ट. त्यांवरचा जुना रंगसुद्धा कुठे उडालेला नव्हता.