टाकीतले दोन ठोके

अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरातली गोष्ट. तळवलीच्या आपल्या खोलीत बायजाबाई सुकट निवडत बसली होती, तेवढ्यात नात अस्मिता दोन पास नाचवत आली. तिच्या कॉलेजातला सुगत आवाजांचा कसलासा प्रयोग करणार होता. डोळ्यांवर पट्टी बांधून बसायचं आणि चहूबाजूंनी येणारे आवाज नुसते ऐकायचे.

"गाणं नाय, नाच नाय, वर डोळे बांधायचे? त्यापरास घरात घोरेन की गो."

"आजी, ठाणे-बेलापूर रोडवरच्या त्या बंद कंपनीत आहे." अस्मिता अडखळली. "आजोबांच्या."

बायजाबाईने सूप खाली ठेवलं. "परमुख पावना कोण?"

"सयाजीराव."

"मग येते."

बारा वर्षांपूर्वी तिचा नवरा सिताराम त्या कंपनीची रसायनाची टाकी धुवायला आत उतरला आणि त्याचं मढंच बाहेर आलं. टाकी धुणाऱ्यांची एक रीत असे. आतल्याने पान्याने लोखंडावर दोन ठोके मारायचे, म्हणजे मी ठीक आहे. बाहेरच्याने दोन ठोके मारून उत्तर द्यायचं, म्हणजे मी इथंच आहे. ठोके बिघडले की आतल्याच्या कमरेचा दोर ओढायचा. त्या दिवशी बाहेर गंगाराम होता. मालक सयाजीरावांनी त्याला ट्रक भरायला पिटाळलं. म्हणाले, टाकीपाशी मी थांबतो. गंगारामला पार गेटापर्यंत ठोके ऐकू आले होते. पण त्याला कुणी विचारलंच नाही. चौकशीच्या कागदावर सयाजीरावांची एकच ओळ उतरली : आतून काही आवाज आला नाही.

ती ओळ बारा वर्षं बायजाबाईच्या घशात अडकली होती.

संध्याकाळी सहाला शेडमध्ये पन्नासेक माणसं जमली. मधोमध तीच टाकी. झाकणाचे बोल्ट गंजून लोखंडात मिसळून गेलेले. सुगतने टाकीला तारा चिकटवल्या होत्या, भिंतींना स्पीकर टांगले होते. खुर्च्या टाकीभोवती गोल मांडलेल्या. बायजाबाई नेमकी सयाजीरावांच्या शेजारी जाऊन बसली.

"अरे, बायजाबाई! बरं आहे ना?" खुर्चीच्या दांड्यावर त्यांची पुष्कराजाची अंगठी टकटकत होती. "झालं गेलं विसरावं माणसाने."

"तुमी ऐकलं होतं का नव्हतं, तेवढं सांगा. इथनं उठताना विसरून जाते."

"आतून आवाज आलाच नव्हता, बाई. किती वेळा सांगायचं?"

दिवे गेले. पट्ट्या बांधल्या गेल्या.

आधी पाणी ठिबकलं. मग पंख्याची घरघर, मग दूर कुठेतरी साखळी ओढल्यासारखं. आवाज पाठीमागून यायचा, मानेवरून सरकत पुढे जायचा. कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळंच थांबलं आणि वास आला. कडवट, गोडसर, डोळ्यांत चरचरणारा. सिताराम जिवंत असताना त्याच्या शर्टाला असायचा, तोच.

ठण्. ठण्.

बायजाबाईने आपली टेकायची काठी जवळ ओढली.

ठण्. ठण्.

"हे... हे माझ्या टेपवर नाही," काळोखात सुगत पुटपुटला. "मशीन बंद आहे..."

ठोक्यांची घाई वाढली. लय मोडली. आता ते दोन-दोनही राहिले नाहीत. कुणीतरी जिवाच्या आकांताने लोखंड बडवत होतं. शेजारी सयाजीरावांचा श्वास फाटल्यासारखा येऊ लागला.

"बाई... उत्तर द्या ना त्याला..."

बायजाबाई हळूच म्हणाली, "म्हंजे उत्तर द्यायचं असतं, हे ठावं हाय तुमाला."

"द्या हो... काठी मारा..."

"तवा ऐकू आलं होतं?"

ठण् ठण् ठण् ठण्...

"आलं होतं! वाटलं, अर्ध्यातच वर यायचा बहाणा करतोय... वाटलं, थोडं आणखी धुऊ दे..."

थोडं आणखी धुऊ दे. एवढ्यावर माणूस गेला होता.

बायजाबाई उठली, चाचपडत पुढे झाली आणि काठीने टाकीवर दोन ठोके मारले. स्वच्छ, मोजून. मी इथंच आहे. आतलं बडवणं थांबलं. दमलेल्या माणसाने पाठ टेकावी तसा एक सुस्कारा लोखंडातून, काठीवाटे तिच्या तळहाताला लागला. वास विरून गेला.

दिवे आले, तेव्हा सयाजीरावांची खुर्ची रिकामी होती. पट्टी तिथंच पडलेली, गाठ न सुटलेली. झाकणाचे बोल्ट जागच्या जागी, गंजाचा एक कपचाही उडालेला नव्हता.

आणि टाकीतून दोन ठोके आले. पान्याचे नव्हेत. बारीक, किनरे, अंगठीच्या खड्याने मारावेत तसे.

टक्. टक्.

अस्मिताने आजीचा दंड धरला. "आजी... उत्तर दे ना गं..."

बायजाबाईने काठी काखेत मारली आणि पदर सारखा केला.

"आतून काय आवाज आला नाय," ती म्हणाली आणि दाराकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी झाकण कापून काढलं. टाकी कोरडी होती, रिकामी होती. सयाजीराव पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

बायजाबाईने मात्र ती काठी मोडून चुलीत घातली. रोज संध्याकाळी सहाला तिच्या मोरीतलं पाण्याचं पिंप आतून दोनदा टकटकतं. त्याची तिला भीती नाही. भीती आहे ती स्वतःच्या उजव्या हाताची. टकटक झाली की तो मांडीवरून आपोआप उचलला जातो, आणि रोज तो पिंपाच्या थोडा आणखी जवळ जाऊन थांबतो.